गुडघ्याखालची टणक गाठ: काढायची की राहू द्यायची?

खाडीपलीकडची | शनिवार, रात्री १०:५०

एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर पडीक असते, आज वेगळंच काही घेऊन आलेय. मुलगा चौदा वर्षांचा, नववीत. राहायला कोपरखैरणे. कबड्डी खेळतो, त्यामुळे गुडघे कायम सोललेले. परवा त्याच्या गुडघ्याला हळद लावत होते (एवढं अजून करू देतो मला), तर डाव्या पायाला, गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, आतल्या बाजूला सुपारीएवढं काहीतरी टणक हाताला लागलं. दाबलं तर दुखत नाही. हलत नाही. हाडालाच कोंब फुटावा तसं. "कधीपासून आहे रे हे?" तर म्हणतो, "असेल वर्षभर. मला वाटलं सगळ्यांना असतं."

एक्सरे काढला. रिपोर्टात ऑस्टिओकॉन्ड्रोमा लिहिलंय. पहिले डॉक्टर म्हणाले, काही करायचं नाही, सहा महिन्यांनी दाखवा. दुसऱ्यांनी फिल्म उजेडात धरली आणि थेट तारीखच सांगायला लागले. सासूबाईंचं म्हणणं, गाठीला हत्यार लावायचं नसतं, पसरते. त्यांच्या माहितीत लेप देणारे एक हाडवैद्य आहेत. आणि नवरा "ओमा" या दोन अक्षरांवर अडकलाय. ओमा म्हणजे कॅन्सरच ना, असं तीनदा विचारून झालं.

कुणाला अनुभव आहे का? घाबरवू नका प्लीज, ते काम घरात भरपूर चाललंय.

घोडबंदरकर | शनिवार, रात्री ११:१५

मला आहे. असाच हाडाचा कोंब, उजव्या दंडाला, खांद्याच्या जरा खाली. बाराव्या वर्षी दिसला, सतरा-अठराला उंची थांबली तशी त्याचीही वाढ थांबली. आता ४४ चालू आहे. शर्टाची बाही तिथे थोडी अडते, एवढाच त्रास.

ब्लॉक नंबर | रविवार, सकाळी ७:३०

ठाण्यातल्या एका लॅबमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीत (शरीरातून काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात तिथे) तंत्रज्ञ आहे, १९ वर्षं झाली. डॉक्टर नाही, तेव्हा उपचार सांगणार नाही. शब्दांबद्दल सांगू शकतो.

"ओमा" म्हणजे गाठ, बस. पुढे काय लावलंय ते बघायचं. चरबीची गाठ लायपोमा, म्हणजे आपल्या आजीचं आवाळू. कूर्चेची कॉन्ड्रोमा. मांस, चरबी, हाड, कूर्चा यांतली वाईट गाठ असेल तर मध्ये "सार्क" येतं: लायपोसार्कोमा, कॉन्ड्रोसार्कोमा, ऑस्टिओसार्कोमा. (लिम्फोमा, मायलोमा, मेलॅनोमा हे नियम मोडणारे. नावं साधी, माणसं वाईट.) यजमानांना सांगा, तुमच्या रिपोर्टात "सार्क" नाही.

ऑस्टिओकॉन्ड्रोमा ही हाडाच्या साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या, गाठींमधली सगळ्यात जास्त आढळणारी. मुलांच्या लांब हाडांच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते. तिचा एक तुकडा वाट चुकतो आणि सरळ वाढायचं सोडून आडवा वाढायला लागतो. वर कूर्चेची टोपी, खाली नेहमीचंच हाड. एक्सरेत बघा, कोंबाची कड मूळ हाडाच्या कडेत सलग मिसळलेली दिसेल, आतला मगजही सलग, आणि टोक बहुधा सांध्यापासून लांब वळलेलं. ही सलगता दिसली की निदानाला सहसा तुकडाही काढावा लागत नाही.

मोठं झाल्यावर, हाडांची वाढ संपलेली असताना कोंब पुन्हा वाढायला लागला किंवा विनाकारण दुखायला लागला, तर मात्र दाखवायचं. एमआरआयवर टोपीची जाडी मोजतात. मोठ्या माणसात ती दोन सेंटिमीटरच्या वर गेली की शंका घेतात. एकटाच कोंब असेल तर बिघडण्याची शक्यता शंभरात एखादी. काहींना अंगभर असे कोंब असतात, ते घराण्यात चालत येतं, तिथे जास्त लक्ष ठेवतात. बाळाच्या बाकीच्या हाडांवरून एकदा हात फिरवून बघा. मनगट, खांदे, दुसरा गुडघा, फासळ्या.

खाडीपलीकडची | रविवार, सकाळी ९:०५

फिरवला. तो गुदगुल्यांनी लोळला, पण दुसरं काही सापडलं नाही. "सार्क नाही" हे वाक्य नवऱ्याने स्वतःच्या भावाला फॉरवर्ड केलंय.

मग दुसरे डॉक्टर काढा का म्हणताहेत?

ब्लॉक नंबर | रविवार, सकाळी ९:४०

त्यांनाच विचारा. काढायची कारणं मोजकी असतात: मज्जातंतू किंवा रक्तवाहिनी दाबली जातेय, स्नायूची दोरी त्यावरून घासून दुखतंय, हाड वाकायला लागलंय, किंवा फारच मध्ये येतंय. यातलं एकही नसेल तर घाई कसली? मुलाची वाढ चालू असताना कोंब वाढीच्या कूर्चेला अगदी लागून असला तर काढताना तिलाच धक्का बसायची भीती असते, शिवाय टोपीचा कण मागे राहिला तर पुन्हा उगवतो. म्हणून बरेच जण वाढ संपेपर्यंत थांबतात.

आजोबा ७१ | रविवार, सकाळी ११:२०

आमच्या काळी अशा गाठींवर बिब्बा घालीत, वरून एरंडाचं पान शेकून बांधीत. डोंबिवलीस आमचे एक परिचित केवळ तेल चोळून बरे झाले. लगेच कापाकापीकडे धावू नये. सौम्य हाताने मालिश करून पाहावे.

पीटी सर | रविवार, दुपारी १:१०

आजोबा, वयाचा मान ठेवून सांगतो, मालिश नको. कळव्याच्या बाजूला एका शाळेत मी खेळ शिकवतो. सहा वर्षांपूर्वी माझा एक लांब उडीवाला मुलगा, पंधरा वर्षांचा, गुडघ्याच्या वर दुखतंय म्हणाला. मीच म्हटलं, ताण आलाय, दोन आठवडे विश्रांती घे. घरच्यांनी गावाकडच्या एकाकडून रोज तेल चोळून घेतलं. दुखणं वाढत गेलं. रात्री झोपेतून उठून बसायचा. जागा गरम लागायची, पँट तिथे घट्ट व्हायला लागली. एक्सरे निघाला तेव्हा दोन महिने गेले होते. हाडाच्या कडेबाहेर उगवत्या सूर्याच्या किरणांसारख्या रेषा. ऑस्टिओसार्कोमा.

मला ते चित्र अजून दिसतं, कारण त्याच्या वडिलांनी फिल्म माझ्या हातात दिली आणि विचारलं, "सर, हे पडल्यामुळे झालं का?" पडल्यामुळे होत नाही. पडल्यामुळे लक्ष जातं, आणि मग दोन महिने सगळे त्या पडण्यालाच दोष देत बसतात. कॅनडाच्या टेरी फॉक्सचंही तेच झालं होतं. गाडीच्या अपघातात गुडघा दुखावलाय अशीच त्याची समजूत होती. १९७७ मध्ये अठराव्या वर्षी पाय गेला, १९८० मध्ये कृत्रिम पायावर तो १४३ दिवस धावला. वर्गात त्याची गोष्ट मी दरवर्षी सांगायचो, आणि समोरचा पोरगा मला ओळखू आला नाही.

आमच्या मुलाचा पाय वाचला. आधी केमो, मग मांडीच्या हाडाचा खालचा भाग काढून धातूचा सांधा, मग पुन्हा केमो. केस गेले, वर्ष गेलं. आता नोकरी करतो, स्कूटी चालवतो, उडी मारत नाही. १९७० च्या आधी पाय कापूनही पाचात एखादाच वाचायचा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं; आता कुठे पसरलेला नसेल तर दहातले सहा-सात वाचतात. हा फरक केमोने केला.

पालकांसाठी: वाढीचं दुखणं बहुधा दोन्ही पायांना असतं, संध्याकाळी-रात्री येतं, सकाळी पोरगं पुन्हा उड्या मारतं. एकाच जागी, एकाच पायाला, आठवड्यामागून आठवडे दुखतंय, झोपेतून उठवतंय, सूज आहे, लंगडतंय, तर एक साधा एक्सरे काढा.

रात्रपाळी | रविवार, दुपारी २:३५

रात्रीच्या दुखण्याची प्रत्येक गोष्ट इतकी भीषण नसते म्हणून माझी सांगतो. बावीसचा होतो, नडगीत रात्री ठणका. गंमत अशी की साधी वेदनाशामक गोळी घेतली की अर्ध्या तासात गायब. दीड वर्ष काढलं तसंच, घरचे म्हणायचे गोळीची सवय लागलीय. शेवटी सीटीत जाड झालेल्या हाडाच्या मधोमध मुगाच्या दाण्याएवढा ठिपका सापडला. ऑस्टिऑइड ऑस्टिओमा. साधी गाठ. तो दाणाच वेदना निर्माण करणारं रसायन बनवत असतो आणि गोळी नेमकी तेच अडवते. सीटीत बघून हाडात सुई घातली, सुईचं टोक सुमारे नव्वद अंशांना सहा मिनिटं तापवलं. दुसऱ्या दिवशी घरी. त्या रात्री बिनगोळीचा झोपलो, तर आई दोनदा उठून बघून गेली.

तलावपाळी | रविवार, रात्री ९:४५

मी लिहू की नको असं करत होतो. लिहितो. मूळ प्रश्नाशी याचा संबंध नाही, खाडीताईंनी मनाला लावून घेऊ नये. पण "दुखत नाही म्हणजे साधी" आणि "काढून टाकू, पुढच्या आठवड्यात तारीख" ही दोन वाक्यं मला महागात पडली आहेत.

गाठ मला शिंप्याने सांगितली. नौपाड्यात पँटचं माप देत होतो, तो टेप दोनदा फिरवून म्हणाला, "साहेब, डावी मांडी दीड इंच जास्त भरतेय." वय ४६. दुखत नव्हती. घरी सगळ्यांनी दाबून बघितली आणि एकमताने ठराव झाला, चरबीची आहे. जवळच्याच एका नर्सिंग होममध्ये गेलो. सोनोग्राफी झाली. एमआरआय नाही, सुईने तुकडा काढणं नाही. कमरेखाली भूल, पाऊण तास, गाठ बाहेर. संत्र्यापेक्षा मोठी. डॉक्टर म्हणाले, "पाठवायची तर पाठवा तपासायला, मला तर साधीच वाटतेय." बायकोने हट्ट धरला म्हणून बरणी मीच पिशवीत घालून लॅबवर दिली. अकरा दिवसांनी रिपोर्ट: हाय ग्रेड (झपाट्याने वाढणारा) सार्कोमा, कापलेल्या कडेपर्यंत गाठीच्या पेशी.

मग परळ. टाटात हाड आणि मऊ ऊतींच्या गाठींचा स्वतंत्र विभाग आहे, सगळे त्याला बीएसटी म्हणतात. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्टाच्या आधी माझा टाका बघितला. टाका मांडीवर आडवा होता, आणि निचऱ्याची नळी टाक्यापासून बरीच लांब, बाजूने बाहेर काढलेली. त्यांनी पेनाने दोन्हींभोवती एक मोठी रेघ ओढली. म्हणाले, आता एवढं सगळं काढावं लागेल.

कारण असं: अशा गाठीत हात घातला की ज्या ज्या जागेला तिचं रक्त लागतं, ती प्रत्येक जागा गाठीचीच धरावी लागते. टाका उभा असता तर दुसऱ्या वेळी एका लांबट चकतीत सगळं निघालं असतं. आडवा आणि लांब नळी, म्हणून चकतीचा तवा झाला. पाठीचं मांस-कातडं मांडीवर आणून भरलं, आणि जखम भरल्यावर रेडिएशन, ३३ बैठका. ठाण्याहून सकाळची स्लो लोकल, परळला उतरायचं, शनिवार-रविवार सुट्टी, नोकरीसारखं. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी छातीची तपासणी, कारण सार्कोमा पसरला तर बहुधा रक्तातून आणि बहुधा फुप्फुसात. आता वर्षाला एकदा जातो. जिना उतरताना कठडा लागतो.

त्या सर्जनबद्दल राग होता. आता तितका नाही. शंभर गाठी कापणाऱ्याला नव्व्याण्णव आवाळवंच मिळतात. मोठ्या माणसांच्या सगळ्या कॅन्सरमध्ये सार्कोमा शंभरात एखादा. पण म्हणूनच क्रम पाळायचा: आधी फोटो, मग सुई, मग सुरी. आणि सुई कुठून घालायची ते सुरी चालवणाऱ्याने ठरवायचं.

आजोबा ७१ | सोमवार, सकाळी ६:५०

आपला अनुभव वाचून वाईट वाटले. परंतु मग त्या सासूबाई योग्यच म्हणत होत्या की. हत्यार लागले आणि पसरले.

तलावपाळी | सोमवार, सकाळी ८:२०

आजोबा, तिथेच गफलत आहे. हत्याराने नाही, आंधळ्या हत्याराने. गाठ तशीच ठेवली असती तर तीही वाढून फुप्फुसात गेलीच असती, तिला कुणाची परवानगी लागत नव्हती. त्या सर्जननेच एमआरआय करून, बारीक पोकळ सुईने, पुढे जिथून टाका घालायचा नेमक्या त्या रेषेवरून तुकडा घेतला असता, तर सुईची वाटसुद्धा ऑपरेशनमध्ये गाठीबरोबर निघून गेली असती. "सुई लागली की पसरतो" म्हणत माणसं सहा-सहा महिने घरी बसतात.

ऐरोलीची सून | सोमवार, दुपारी ३:००

साधी आणि वाईट यांच्या मधलं पण काही असतं, ते मी भोगलंय. उजवं मनगट, वय ३१, लाटणं धरलं की कळ. कुणीतरी म्हणालं मनगटावरचा पाण्याचा फुगा आहे, पुस्तक आपटून फोड. नशीब आपटलं नाही, कारण आत हाडाचं टरफल उरलं होतं. जायंट सेल ट्यूमर. कागदोपत्री साधी गाठ, पण वागणूक गुंडाची: वीस ते चाळीस वयात, सांध्याला लागून, आतून हाड खात जाते. शंभरात दोन-तीन जणांना तर फुप्फुसातही जाते आणि तरी तिला साधीच म्हणतात! नीट खरवडून काढली आणि पोकळीत हाडाचं सिमेंट भरलं. ते घट्ट होताना तापतं, त्या उष्णतेने कडेच्या उरल्यासुरल्या पेशीही मरतात असं सांगितलं. एक्सरेत माझं मनगट आता खडूसारखं पांढरं दिसतं. दर वेळी डॉक्टर त्या पांढऱ्याच्या कडेला काळी रेघ येते का तेवढंच बघतात, कारण परत आलीच तर तिथून. अजून आलेली नाही. पोळ्या नवरा लाटतो, ती सवय मी मोडू दिलेली नाही.

संपादक मंडळ | सोमवार, सायंकाळी ५:३०

रिपोर्टांचे फोटो टाकताना नाव, वय, केस नंबर झाका. एक प्रतिसाद या कारणाने अप्रकाशित केला आहे. हाडवैद्यांचे फोन नंबरही नकोत.

नवीन सभासद | सोमवार, रात्री ८:१५

माझे बाबा ६३. पाठदुखी दोन महिने, एमआरआयमध्ये तीन मणक्यांत डाग. आम्हाला "बोन कॅन्सर" सांगितलं. हाडाच्या सर्जनकडेच जायचं ना?

ब्लॉक नंबर | सोमवार, रात्री ९:०५

या वयात मणक्यांत अनेक डाग म्हणजे बहुतेक वेळा हाडात जन्मलेला कॅन्सर नसतो, दुसरीकडून आलेला असतो: प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड, थायरॉइड, बायकांमध्ये स्तन. किंवा रक्तपेशींचा मायलोमा. मणक्याचा क्षय आपल्याकडे भरपूर, तोही नकलाकार आहे. म्हणून "बोन कॅन्सर" हे निदान समजू नका, मूळ शोधणं बाकी आहे. पायांत जोर कमी वाटला, लघवी-संडासचा ताबा सुटला तर दिवस बघू नका, रात्रीच घेऊन जा.

आता लॅबचं एक. हाडाचा तुकडा आला की लोक तिसऱ्या दिवशी फोन करतात, रिपोर्ट का नाही? आम्हाला तीन-चार मायक्रॉनचा काप काढायचा असतो, पात्यापुढे हाड चालत नाही. म्हणून आधी फॉर्मॅलिन, मग आम्लात ठेवून त्यातलं कॅल्शियम काढायचं. रोज सकाळी टाचणी टोचून बघतो, मऊ झालं का. जास्त ठेवलं तर पेशी खराब, कमी ठेवलं तर पातं तुटतं. त्यात आम्हाला एक्सरे दिलेलाच नसतो! मोडलेलं हाड जुळताना बनणारं नवं कोवळं हाड सूक्ष्मदर्शकाखाली ऑस्टिओसार्कोमासारखं दिसू शकतं. आमच्या मॅडम एक्सरे बघितल्याशिवाय हाडाची स्लाइड वाचत नाहीत, आणि फिल्म आणा म्हटलं की नातेवाईक चिडतात.

दुसरीकडे मत घ्यायला जाताना नुसता रिपोर्टाचा कागद नेऊ नका. मेणाचे ब्लॉक (तुमचा तुकडा त्यातच बसवलेला असतो) आणि स्लाइड मागून घ्या. ते लॅब देते, सही करून न्यायचे. नाहीतर तिथून परत पाठवतात आणि एक दिवस फुकट.

तलावपाळी | सोमवार, रात्री ९:५०

+१. फिल्म गुंडाळून नेऊ नका, सीडीही घ्या. नवी मुंबईकरांना परळच गाठायला हवं असं नाही, टाटाचंच खारघरला ॲक्ट्रेक (कॅन्सरचं रुग्णालय आणि संशोधन केंद्र) आहे. ठाण्याहून पनवेलची गाडी थेट खारघरला सोडते. पण हाडाच्या गाठीची ओपीडी कुठे, कोणत्या वारी, ते आधी फोनवर विचारून निघा. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले योजनेत शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन तिन्ही येतं. रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, ॲडमिट व्हायच्या आधी त्याला गाठा, नंतर नाही.

बेलापूरचा | मंगळवार, सकाळी १०:३०

माझ्या पाठीवर मऊ गाठ आहे, दहा वर्षं तेवढीच. आता झोप उडाली, धन्यवाद.

तलावपाळी | मंगळवार, सकाळी ११:१०

मऊ, कातडीखाली बोटाने सरकणारी, लहान, वर्षानुवर्षं तेवढीच: झोपा. पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी, किंवा वाढतेय, किंवा स्नायू ताठ केला की जागेवर घट्ट बसते (म्हणजे खोल आहे), किंवा एकदा काढून परत आलीय, यातलं काहीही असेल तर उठा.

खाडीपलीकडची | पाच आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ७:२०

धागा वर काढतेय, कारण दोन-तीन जणांनी विचारलं.

फक्त गाठींचंच काम करणाऱ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी एक्सरे अर्धा मिनिट बघितला आणि मुलाशी दहा मिनिटं बोलले, बहुतेक कबड्डीबद्दलच. पायाची नाडी बघितली, पाऊल वर-खाली करायला लावलं, दोन्ही पायांची लांबी टेपने मोजली. काढायचं नाही. वर्षाने एक्सरे, मध्ये दुखलं किंवा मुंग्या आल्या तर लगेच. खेळायला हरकत नाही, तिथे जाड पट्टी बांधायची, कारण मार लागला तर कोंब मोडू शकतो. दुसऱ्या डॉक्टरांना मी ब्लॉक नंबर यांचा प्रश्न विचारला होता, काढायचं कारण काय म्हणून. म्हणाले, "तुम्हाला टेन्शन आहे ना?" टेन्शनसाठी पोराचा पाय उघडायचा नाही असं ठरलं.

सुपारी हेच नाव पडलंय तिचं. संघातल्या प्रत्येकाने हात लावून बघितली आहे. सासूबाईंनी लेपाची पुडी आणलीच, ती मिठाच्या बरणीमागे आहे. मालिश नको एवढं त्यांना पीटी सरांचा प्रतिसाद वाचून दाखवल्यावर पटलं. लेपाने काय बिघडतं हे अजून पटायचंय. काल त्यांनी स्वतःच्याच गुडघ्याला लावून बघितला. म्हणतात थंड वाटतं.